गव्हाणीतली काडी

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. एका दुपारी मी चॅपलमध्ये फादरच्या खुर्चीत बसून एका मुलाचं कन्फेशन ऐकलं, आणि त्यानं विचारलं तेव्हा त्याला उत्तरही दिलं. मी फादर नाही. कॅथलिक नाही. जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यातल्या एका मराठी घरातला, बी.कॉम.च्या मुलांना कॉस्टिंग शिकवणारा माणूस आहे. आणि तो मुलगा जाळीपलीकडे गुडघ्यांवर बसला तेव्हा माझ्या तोंडात खोव्याची जलेबी होती.

जलेबीपासूनच सुरुवात करावी लागेल. ती नसती तर मी तिथे नसतो.

आमचं विद्यापीठ लहान आहे. इतकं लहान, की विद्यापीठ म्हटलं की शहरातले लोक हसतात. एक मुख्य इमारत, तिच्यामागे चॅपल, मुलांचं आणि मुलींचं होस्टेल, कँटीन, आणि सगळ्यांना सगळ्यांचं सगळं ठाऊक. फादर लोक चालवतात, सिस्टर शिस्त बघतात. होस्टेलात मंडला-दिंडोरीकडची आदिवासी ख्रिस्ती मुलं बरीच. बाकीची शहरातली, घरी सत्यनारायण होणारी. सकाळच्या प्रार्थनेला मात्र सगळेच ‘हे पिता हमारे’ म्हणतात. माझीही पाठ झाली आहे. कधी आंघोळीला बसलो की तीच तोंडात येते आणि बायको बाहेरून विचारते, “अहो, आज काहून फादरचं म्हणून राहिले? अथर्वशीर्ष संपलं का?”

बायको याच विद्यापीठाच्या लायब्ररीत आहे. मला शुगर निघाली त्या आठवड्यात तिनं सगळा कॅम्पस कामाला लावला. कँटीनवाला भैया मला चहा द्यायचा तो बिनसाखरेचा, आणि वर ऐकवायचा, “मैडम का ऑर्डर है सर, हमको इसी कैंपस में रहना है।” स्टाफरूममध्ये वाढदिवसाचा केक कापला तरी माझ्या नावाचा तुकडा कोणीतरी लायब्ररीत पोचवून यायचं, पुराव्यासारखा. व्हरांड्यात कॅमेरे, जिन्यात कॅमेरे. दार लावून चार घास खाता येतील अशी जागा कॅम्पसवर एकच उरली होती. चॅपलमधली कन्फेशनची पेटी.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. जुन्या उभ्या कपाटासारखी ती असते. मधल्या खणात फादर बसतात, त्याला दार. बाजूच्या खणात कबुली द्यायला आलेला माणूस गुडघे टेकतो. दोघांच्या मधे लाकडी जाळी. आवाज येतो, चेहरा नीट दिसत नाही. तशीच ती बनवलेली असते. दुपारी चॅपलमध्ये कोणी नसायचं. मी आठवड्यातून एखाद्या वेळी शहरातून येताना जलेबीचा पुडा बॅगेत घालून आणायचो, जेवणाची सुट्टी झाली की फादरच्या त्या गादीवाल्या खुर्चीत जाऊन बसायचो, दार ओढून घ्यायचो. आमची खोव्याची जलेबी ज्याला ठाऊक आहे त्याला कळेल. काळपट, जाड, पाकानं जड झालेली. एक घास घेतला की तोंड काही काळ दुसऱ्या कामाचं राहत नाही.

देवाच्या घरात असं करताना मला काही वाटायचं नाही. आपला देव थोडाच आहे, असंच कुठेतरी मनात असणार.

आता गव्हाणीचं.

डिसेंबर लागला की मुख्य इमारतीच्या पोर्चमध्ये चरनी सजते. येशूचा जन्म गोठ्यात झाला, म्हणून बांबूचा गोठा, मातीची गाय, मेंढ्या, आई, बाप, आणि मधोमध लाकडाची छोटी गव्हाण. ती गव्हाण नाताळच्या आदल्या संध्याकाळपर्यंत रिकामी ठेवायची. तोवर रिवाज असा, की ज्यानं दिवसभरात काही चांगलं काम केलं असेल त्यानं शेजारच्या टोपलीतली वाळल्या गवताची एक काडी उचलायची आणि गव्हाणीत टाकायची. एक भलं काम, एक काडी. म्हणजे बाळ येईल तेव्हा त्याला मऊ अंथरूण मिळेल. हिंदू मुलंसुद्धा टाकायची. परीक्षा जवळ आली की जरा जास्तच टाकायची. मीही टाकायचो. काय भलं केलं ते कोणी विचारत नसे.

बाळाची मूर्ती चॅपलमध्ये वेदीमागच्या खोलीत, कपाटात कापसात गुंडाळून ठेवलेली असे. ती प्लास्टरची नव्हती. विद्यापीठ नुसतं कॉलेज होतं तेव्हाच्या फादरनी ती भेड़ाघाटच्या कारागिराकडून पांढऱ्या दगडात घडवून घेतली होती. तो कारागीर आयुष्यभर शिवलिंगं आणि गणपती कोरणारा, त्यामुळे त्या बाळाचं पोट आणि पायाचं वळण थेट आपल्या बाळकृष्णासारखं. फादर लोक तिच्यावर फार जीव लावून होते. दरवर्षी सिस्टर तिला दुपट्यात घेऊन पोर्चपर्यंत चालत यायच्या तेव्हा मुली मान लांब करून बघायच्या, बारशाला बघतात तशा.

त्या वर्षी माझ्या शेवटच्या वर्षाच्या वर्गात एक मुलगा होता. कपाळाला टिळा, तोंडात सतत ‘बड्डे’. हा आमच्या जबलपुरी पोरांचा शब्द, मित्रापासून रिक्षावाल्यापर्यंत कोणालाही लावतात. हुशार, आणि तोंडाळ. त्याच्या वडिलांचं नर्मदेच्या ग्वारीघाटावर फुलं-नारळाचं दुकान होतं. एका संध्याकाळी हा दोन मित्रांना घेऊन पोर्चमध्ये आला, खांद्यावर गवताची अख्खी पेंढी. कुठल्या तरी गोठ्यातून आणलेली. ती त्यानं गव्हाणीवर ओतली आणि मित्राच्या मोबाइलकडे बघून म्हणाला, “ये लो, पूरे जबलपुर का पुण्य! इतने में तो भैंस पल जाए, बड्डे!”

व्हिडिओ रात्रीत सगळ्यांच्या फोनवर गेला. मीही पाहिला. हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थना झाल्यावर सिस्टर ती पेंढी काढायला गेल्या. डीन असलेल्या सिस्टर, उंच, शांत, कधी आवाज न चढवणाऱ्या. आम्ही पायऱ्या उतरत होतो तेवढ्यात त्यांची किंकाळी ऐकली. मी धावलो. पेंढीखालच्या काड्यांत, आम्ही सगळ्यांनी इतके दिवस टाकलेल्या त्या काड्यांत, बाळ पडलं होतं. धड एकीकडे. डोकं जरा बाजूला, गालावर गवत चिकटलेलं, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर तेच झोपेतलं हसू.

मला दगड दिसला नाही. खरं सांगतो. क्षणभर मला मूल दिसलं. माझ्या शेजारी कोणी तरी मुलगी रडायला लागली, आणि मग एकदम कुजबुज उठली, आणि त्या कुजबुजीत एकच नाव होतं. कपाट कुलपात नसे हे सगळ्यांना माहीत होतं. पेंढी कोणी ओतली हे व्हिडिओत होतं. आणखी काय हवं?

त्याच दुपारी मी जलेबी घेऊन पेटीत बसलो.

विचित्र वाटेल, पण त्याचं कारण तीच सकाळ होती. मला गोड हवं होतं. सकाळी प्रार्थनेत सूचना झाली होती, की नाताळच्या आधीचं कन्फेशन आज जेवणानंतर आहे, बाहेरून फादर येणार आहेत. मुलं मोकळेपणी बोलावीत म्हणून दरवर्षी अनोळखी फादरना बोलावतात. ही सूचना माझ्याही कानावर पडली होती. पण इतक्या वर्षांत अशा सूचना ऐकायची आमची सवयच गेलेली असते. हे त्यांच्यासाठी आहे म्हणून आपण मान हलवतो आणि पुढच्या लेक्चरचा विचार करतो.

मी घास घेतला, आणि शेजारच्या खणातली फळी करकरली.

“पिता, मुझे आशीर्वाद दीजिए, क्योंकि मैंने पाप किया है।”

आवाज अगदी जाळीला लागून. मी हललो नाही. तोंड भरलेलं. गिळताही येईना, थुंकताही येईना, ‘मी फादर नाही’ असं म्हणताही येईना. दार उघडून बाहेर यावं तर दोन हातांवर तो. या सगळ्याचा विचार मी केला असं आता लिहितोय, पण तेव्हा विचार असा नव्हताच. पाक घशात उतरत होता, एवढंच.

“बालक येसु को मैंने तोड़ा है, फादर।”

जाळीतून मला त्याचा हात दिसला. मनगटात वायरीला लावायच्या काळ्या टेपचं रिंगण, बांगडीसारखं घातलेलं. कोण आहे ते मला लगेच कळलं. बी.एस्सी.चा, दुसऱ्या वर्षाचा, दिंडोरीकडचा होस्टेलचा मुलगा. गोठ्यातली सगळी रोषणाई त्यानंच केली होती.

तो हळू, अडखळत सांगत गेला. गव्हाणीवर एक छोटा दिवा असा लावायचा होता की उजेड फक्त बाळाच्या तोंडावर पडावा. मूर्तीशिवाय ते कसं कळणार? म्हणून काल दुपारी पोर्च रिकामा बघून त्यानं ती कपाटातून आणली. दिवा हलवताना एका हातात धरली होती. निसटली. “ज़्यादा आवाज़ भी नहीं हुई, फादर। बस ऐसे... अलग हो गया।” घाबरून त्यानं दोन्ही तुकडे काड्यांखाली झाकले आणि चिकटवायला काही मिळतं का बघायला बाजारात गेला. परत आला तर बी.कॉम.वाले भैया पेंढी ओतून व्हिडिओ काढत होते. लोक जमले होते. तो तसाच होस्टेलला गेला.

“अब सब भैया का नाम ले रहे हैं,” तो म्हणाला. मग म्हणाला, की त्याच्या गावच्या फादरनीच त्याला इथे पाठवलंय, शब्द टाकून. हे कळलं तर परत जावं लागेल. घरात त्याच्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलेलं नाही.

“मुझे सबको बताना पड़ेगा क्या, फादर?”

तोवर माझा घास उतरला होता. आता मी बोलू शकत होतो. म्हणून इथून पुढचं जलेबीवर ढकलता येत नाही.

मी त्याच वेळी म्हणायला हवं होतं, बेटा, मी फादर नाही. किंवा नुसतं ‘हाँ’. ‘हाँ, बताना पड़ेगा.’ एवढं तर कोणत्याही धर्माच्या माणसाला सुचलं असतं. पण बाहेर चॅपलच्या फाटकाशी गाडी थांबल्याचा आवाज आला, आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट उरली. खरे फादर येताहेत. ते दार उघडतील, आणि फादरच्या खुर्चीत मांडीवर पाकाचा कागद घेऊन बसलेला मी, आणि समोर गुडघ्यांवर हा. संध्याकाळपर्यंत लायब्ररीत कळेल. उद्या पेपरात. हा आधी इथून उठला पाहिजे.

“अभी नहीं,” मी कुजबुजलो.

मग मी त्यांच्या प्रार्थनांतलं जे कानावर पडलेलं होतं ते जोडून टाकलं, “प्रणाम मरिया बोलो। शांति से जाओ।”

जाळीपलीकडे तो रडला. सुटल्यासारखा. “धन्यवाद, फादर,” म्हणाला आणि गेला.

मी बाहेर आलो तेव्हा पाहुणे फादर मधल्या वाटेनं येत होते. वयस्क, थकलेले, उशीर झाल्याबद्दल माफी मागणारे. मला कन्फेशनला आलेला समजून त्यांनी हात पुढे केला. “आप पहले?”

“नहीं फादर, मैं तो हिंदू हूँ।” मी हात मागे घेतला. बोटं चिकट होती.

पुढच्या दिवशी कमिटी बसली. रजिस्ट्रार फादर, डीन सिस्टर, आणि मी. मी अशा प्रत्येक कमिटीत असायचो. शांत माणूस, जुना माणूस, आणि हिंदू, म्हणजे तोल राहतो. त्या दिवसांत तोलाला फार किंमत होती. बाहेरचे लोक फाटकाशी येऊन विचारायला लागले होते, आत काय चाललंय. पोलिसात द्यायचं नाही हे फादरनी आधीच ठरवलं होतं. आवाज नको, बातमी नको. मुलानं टी.सी. घ्यायची आणि शांतपणे जायचं, एवढंच.

मुलगा उभा होता. बड्डे-बिड्डे सगळं गळून पडलेलं. “फादर, घास मैंने डाली। माफ़ी माँगता हूँ। पर वो मैंने नहीं तोड़ा। मुझे तो पता भी नहीं था कि नीचे कुछ है।”

त्याचे वडील दाराशी, हात जोडून. घाटावरून तसेच उठून आलेले, नखांत कुंकू. फादर त्यांना बसा म्हणाले तरी बसेनात. मुलानं पुन्हा “मैंने नहीं किया” म्हटलं तेव्हा त्यांनी पुढे येऊन सगळ्यांसमोर त्याच्या तोंडात मारली. “भगवान का बच्चा तोड़ के बहस करता है!” त्यांच्यासाठी तो कुठला देव, कोणाचा देव, हा प्रश्नच नव्हता. फादर उठून उभे राहिले. सिस्टरनी डोळे मिटले.

मुलानं गालाला हातही लावला नाही. माझ्याकडे पाहिलं. “सर, आप मुझे तीन साल से जानते हैं। आप तो कुछ बोलिए।”

खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते. मी काय विचार करत होतो? दुसऱ्याचं कन्फेशन बाहेर सांगायचं नसतं, हा. एवढा मोठा, पवित्र नियम. फादर लोक मरतील पण सांगणार नाहीत. मी तो नियम अंगावर ओढून घेतला, थंडीत दुसऱ्याचं पांघरूण ओढावं तसा. शिवाय मी हिंदू, तो हिंदू. मी त्याची बाजू घेतली तर काय म्हणतील? हाही विचार होता. दोन्ही विचार किती छान होते. दोन्हींखाली पाकाचा कागद होता.

“नियम सबके लिए एक है,” मी म्हणालो.

बाहेर पडल्यावर सिस्टर पोर्चमध्ये थांबल्या. गव्हाण पुन्हा स्वच्छ केली होती, त्या वर्षी बाळाच्या जागी घडी केलेल्या कागदावरचं चित्र ठेवणार होते. त्यांनी टोपलीतून एक काडी उचलली आणि माझ्या हातात दिली. “सर, आज का दिन आपके लिए सबसे कठिन था। आपने अपने ही छात्र के लिए पक्षपात नहीं किया। आज एक आपकी तरफ़ से।”

मी ती गव्हाणीत टाकली.

नंतर कधीतरी, तो मुलगा गेल्यावर, कँटीनच्या बाकावर मी रजिस्ट्रार फादरना अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, की समजा एखाद्याच्या कानावर चुकून कोणाचं कन्फेशन पडलं, तर?

“तो वह भी चुप रहेगा,” ते म्हणाले. “सुनने वाले पर भी वही ताला है।”

मला एवढं हलकं वाटलं की मी त्यांच्या कपात साखर घालायला लागलो.

त्यांनी कप थोडा बाजूला घेतला. “पर सर, किसी का पाप न बताना एक बात है। किसी बेकसूर को बेकसूर कहना दूसरी। दूसरी पर कोई ताला नहीं।”

ते चहा ढवळत राहिले, माझ्याकडे न बघता. त्यांना काही कळलं होतं का? ठाऊक नाही. विचारलं त्यांनी नाही, आणि त्यांना विचारता येतही नव्हतं बहुधा. पण त्या वाक्याचा अर्थ मला लगेच लागला. म्हणजे मला कोणाचं नाव घ्यायचीच गरज नव्हती. त्या खोलीत नुसतं म्हणायचं होतं, यानं नाही केलं, माझ्यावर विश्वास ठेवा. ठेवला असता त्यांनी. माझ्या शांतपणाला त्या खोलीत तेवढी पत होती. मी ती पत नेमकी उलट्या कामाला वापरली होती.

तरी तेव्हाही मी उठलो नाही. चहा संपवला. फादरची पुढे बदली झाली.

त्या मुलाला सत्राच्या मधेच दुसरीकडे प्रवेश मिळाला नाही, आणि नंतर त्यानं घेतला नाही. तो आता वडिलांच्या जागी घाटावर बसतो. मी ग्वारीघाटाला जायचं टाळत होतो, पण आमच्याकडे पाहुणे आले की नर्मदेला नेल्यावाचून राहत नाहीत. गेल्या थंडीत बायकोची बहीण आली होती. मी मुद्दाम पलीकडच्या रांगेतून चाललो होतो, तरी हाक आलीच.

“सर! नमस्ते सर! अरे मैडम, आइए न, फूल ले जाइए।”

टिळा तसाच, दाढी वाढलेली. त्यानं पानांचे दोणे फुलं आणि पेटता दिवा घालून भरून दिले, पैसे घेईना. बायको म्हणाली, “किती छान मुलगा आहे हो, तुमच्याच वर्गातला ना? इथे काहून बसून राहिला?” मी म्हणालो, घरचा धंदा आहे. तो ऐकत होता. मराठी त्याला समजायची. घाटावर सगळ्या भाषा समजतात.

दोणा माझ्या हातात देताना तो खालच्या आवाजात, अगदी साधेपणानं म्हणाला, “सर, वो मैंने नहीं तोड़ा था। आपको तो पता है।”

आपल्याकडे बोलताना म्हणतात तसंच त्यानं ते म्हटलं, की तुम्ही मला ओळखता, या अर्थानं. त्यात टोमणा नव्हता. पण माझ्या हातातला दोणा असा हलला की दिवा विझला. त्यानं हसून पुन्हा लावून दिला. पापा अब मान गए हैं, म्हणाला, पहले नहीं मानते थे. पण मान गए म्हणजे काय, तर विषय काढत नाहीत.

मी दिवा सोडला. काय मागितलं आठवत नाही.

आणि मग हा गेला नाताळ.

जुने विद्यार्थी येतात त्या कार्यक्रमात एक तरुण पांढऱ्या सदऱ्यात स्टेजवर आला. मी आधी ओळखलं नाही. मग त्यानं माइकची वायर सवयीनं पायाखालून बाजूला केली, आणि ओळखलं. तो सेमिनरीत गेला आहे. फादर होणार आहे. सांगत होता, की याच चॅपलमध्ये एकदा आपण फार घाबरून कन्फेशनला गेलो होतो, आणि पलीकडून असा मऊ आवाज आला, ना रागावला, ना ओरडला, जसा काही देवानंच म्हटलं, थांब, घाबरू नकोस. त्या दिवशी ठरलं, की आपणही कधीतरी त्या खुर्चीत बसायचं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारी बसलेली बायको म्हणाली, “अहो, घाम काहून आला तुम्हाला? शुगर उतरली का?” आणि पर्समधून स्वतःच्या हातानं चॉकलेट काढून दिलं. मला ते तोंडात घालवेना.

कार्यक्रमानंतर तो मला शोधत आला. केकचा तुकडा कागदावर धरलेला. पाया पडला. “सर, आप उस कमेटी में थे न? वो बी.कॉम. वाले भैया... कहाँ हैं आजकल?”

मी म्हणालो, ठीक हैं, घर का काम देखते हैं.

त्याचा चेहरा जरासा उजळला आणि लगेच विझला. “उनसे एक बात कहनी है। रोज़ सोचता हूँ। पर मुझे कहा गया था, अभी नहीं। तब से राह देख रहा हूँ, सर। किसी से पूछ भी नहीं सकता। जो माफ़ हो गया, उसे दोबारा नहीं कहते। वो फादर फिर कभी इधर आए ही नहीं।”

मला वाटत होतं तो विसरला असेल, किंवा गप्प बसणं त्याच्या सोयीचं असेल, जसं माझ्या आहे. तो आज्ञा पाळत होता. एवढी वर्षं तो माझे ते दोन शब्द घेऊन वाट बघत थांबलेला होता, आणि मी त्याच्यासमोर उभा होतो. आवाज तोच, माणूस तोच. एक वाक्य बोलायचं होतं.

“ठंड बहुत है इस साल,” मी म्हणालो.

“जी सर,” तो म्हणाला.

पोर्चमध्ये गव्हाण होती. भेड़ाघाटाहून नवीन बाळ घडवून आणलंय, तितकं जमलेलं नाही. टोपलीतली काडी मी त्या वर्षापासून उचललेली नाही. कोणाच्या लक्षातही आलेलं नाही.

हे मी मराठीत लिहून राहिलो आहे. आमच्या कॅम्पसवर मराठी वाचणारं माझ्याशिवाय एक बायको आहे. म्हणजे हीदेखील एक पेटीच झाली, दार ओढून घेतलेली, हे मला कळतं. बायको वाचेल तेव्हा आधी जलेबीवर येऊन थांबेल. मग पुढे वाचेल.

ग्वारीघाटावरच्या मुलाला मी एक वाक्य देणं लागतो. ते त्याच्या वडिलांसमोर, सिस्टरसमोर, आणि फादर जिथे असतील तिथे जाऊन त्यांच्यासमोर म्हणायचं आहे: यानं तोडलं नाही, आणि त्या खोलीत बसलो होतो तेव्हाच मला ते ठाऊक होतं. सेमिनरीतल्या मुलाला मी हे सांगणं लागतो की ‘अभी नहीं’ हे कोणा फादरनं किंवा देवानं म्हटलं नव्हतं, मी म्हटलं होतं, आणि त्याचं कन्फेशन अजून कोणीच ऐकलेलं नाही. यातलं काहीही मी अजून दिलेलं नाही.